कुंकू लावलेले बाण

आमच्या ह्यांच्या शिकारीचं तुम्हाला अजून सांगितलंच नाही ना? लग्नाला चार महिने झाले होते. ह्यांच्या बॉसनं आम्हा दोघांना धनुष्यबाणानं रानडुकरं मारायला ऑस्ट्रेलियात बोलावलं. वाटेत सिंगापूरच्या विमानतळावर ऑफिसरनं बाणांची पेटी उघडली आणि त्याचा चेहराच बदलला. प्रत्येक टोकाला लाल डाग!

"रक्त? कुणाला मारलं?"

दसऱ्याला हत्यारांची करतात तशी पूजा मी आदल्या दिवशी गुपचूप उरकली होती. पण कुंकू इंग्रजीत कसं सांगायचं ते मला सुचेपर्यंत हेच ओरडले, "नाही हो सर! माझा बाण आजवर कशालाच लागलेला नाही!"

"कशालाच?"

"सरावाच्या फळ्यालासुद्धा नाही, सर."

मी बघतच राहिले. लग्न ठरताना हेच माझ्या बाबांना म्हणाले होते, माझा नेम चुकत नाही.

ऑफिसर माझ्याकडे वळला. "मॅडम, खरं?"

हो म्हटलं तर नवऱ्याची अब्रू जाणार, नाही म्हटलं तर नवराच. मी मान डोलावली.

त्यानं हसू दाबत पेटी बंद केली आणि शेवटी तिथला तो 'लाह' जोडत सिंगापुरी ढंगात म्हणाला, "जा, जा. डुकरं सेफ आहेत, लाह!"