खळ मुरलेली भिंत

—नाही, बोलू नकोस बापू. बोललास की छाती हलते आणि चित्र निसटतं. डाव्या कुशीवर असाच राहा, हात डोक्याखाली. छातीवरचं हे जेल गार लागतं, ठाऊक आहे. परके लोकही कुरकुरतात, तू तर धाकटा भाऊ, तुझा हक्कच आहे. श्वास सोड — थांबव — हं, घे. उद्याच्या हाताच्या ऑपरेशनसाठी 'हृदय ठीक' अशी नुसती सही हवी होती ना? 'आक्का, बहीण इको करणारी डॉक्टर असताना मी रांगेत का बसू?' — मोठ्या ऐटीत आलास. आता पडून राहा. पुन्हा पुन्हा तेच का मोजते, असं डोळ्यांनी विचारू नकोस. यंत्र जुनं झालंय — नाही. यंत्राला दोष देणार नाही. ते बरोबर आहे. ते चुकावं असं मला वाटतंय, म्हणून मोजते आहे.

रक्तदाबाची गोळी तुझी बंद झाली, नाही का? मान हलवू नकोस, मला माहीत आहे. दाब आपोआप उतरला. मीठ सोडल्याचं आणि पहाटेच्या प्रार्थनेचं फळ, असं तू गल्लीभर सांगत सुटलास. शेजारचे बिचारे तुझं ऐकून अजून अळणी जेवतायत. प्रार्थना मीही करते, रोज. पण आपण देवाच्या नावावर काय काय जमा करतो, त्याचा त्यालाही शीण येत असेल. दाब बरा झाला नव्हता, बापू. हृदयाचा जोर उणा झाला होता. आणि हातांच्या मुंग्या — जन्मभर पुस्तकं बांधली, दाभण ओढला, म्हणून बोटं गेली — हे सगळ्यांनी मानलं. सर्जनने मानलं, मीही मानलं. आधी डावा हात, आता उजवा. दोन्ही हात आणि हा दाब, कुणी एकत्र वाचलंच नाही.

काय? — हो, सांगते. या खोलीत जो झोपतो, त्याला आधी सांगायचं, हा माझा नेम आहे. भावासाठी तो मोडणार नाही. कागदाला खळ जास्त लागली तर काय होतं? तूच दाखवलं होतंस. कागद जाड होतो, हाताला दणकट लागतो — पण वाळला की दुमडत नाही. तुझ्या हृदयाची भिंत तशी झालीय. जाड आहे, पण मांसाने नव्हे. अंगातलंच एक प्रथिन बिघडून तिच्यात मुरत गेलंय. अमिलॉइड म्हणतात त्याला. तेच मनगटातही मुरतं आणि नस दाबतं, म्हणून त्या मुंग्या. भिंत इतकी जाड, तर ईसीजीच्या रेघा उंच हव्यात. तुझ्या ठेंगण्या आहेत — तिथेच मी थबकले. घाईतल्या माणसाने 'पंपिंग चांगलं' लिहून तुला मोकळं केलं असतं. वरवर चांगलंच आहे ते. पण भिंत लांबीत किती आखडते, ते यंत्र गोल चित्रात रंगवतं. तुझ्या चित्रात मधोमध हृदयाचं टोक तेवढं लाल, म्हणजे नीट आखडणारं, भोवती सगळं फिकट. असं चित्र मी पुष्कळदा पाहिलंय. परक्यांचं.

किती वर्षं? — ते विचारणारच होतास. भिंत जितकी कमी आखडते, तितकी वाट आखूड. तुझी अगदी थिजलेली नाही. एवढंच खरं सांगता येतं. याच्या जाती दोन. एक हाडांच्या मज्जेतून येते, ती दम धरत नाही, तिला ताबडतोब गाठावं लागतं. दुसरी यकृतातून, संथ. तिच्यावर गोळी आहे — मुरलेलं निघत नाही, पण पुढचं मुरणं मंदावतं. हातांवरून मला दुसरी वाटते. वाटण्यावर मी सही करत नाही. रक्त आणि लघवी आजच द्यायची, मग स्कॅन. उद्याचं ऑपरेशन नाही. हात थांबेल.

झालं, पूस ते जेल. — काय म्हणालास? 'तिला सांगू नकोस'? … अरे, तेच शब्द! तू आत कपडे काढत होतास, तेव्हा दाराबाहेर तुझ्या बायकोने माझं मनगट धरलं — 'वन्सं, काही वेडंवाकडं निघालं तर त्यांना सांगू नका, ठीक आहे म्हणा' — हे मी बोलायला नको होतं. निघून गेलं तोंडातून. थकले रे. बायका मला दाराशी गाठतात, नवरे या खाटेवर. दोघांचं मी घरी घेऊन जाते, आणि देवापुढे बसले की प्रार्थनेऐवजी हीच वाक्यं ओठांवर येतात. मायेपोटी बोललेलं खोटं म्हणे पाप नव्हे. नसेल. पण त्या खोट्यापायी दोन माणसं एका घरात राहून एकटी होतात, हे मी पाहत आले. तुमचं ते मला पाहायचं नाही.

ऊठ, सावकाश. शर्ट घाल. बटणं — राहू दे, जमत नाही ना बोटांना? मी लावणार नाही. रागावू नकोस.

—आत ये गं. दार लोटून घे. नाही, मला काही विचारू नकोस; तो सांगेल. त्याची बटणं लाव आधी. मी बाहेर थांबते.