पांगऱ्याच्या बारा काड्या अन् बकरीचा खुटा

हासू नका राजेहो. अनसिंगच्या बजारात सारे हासूनच राह्यले हायेत, तर आता माह्याच तोंडून ऐका.

बकरीले पाला पाह्यजे म्हनून म्या बांधावर पांगऱ्याच्या बारा काड्या लावल्या. पांगरा काडीपासून येते, हे लेकरायले बी ठाऊक हाये. एक जाड काडी उरली. बायकोनं ती आंगनात ठोकली अन् तिले बकरी बांधली.

महिन्याभरात बांधावरच्या बाराही काड्या वाळून खडखडीत झाल्या. अन् आंगनातल्या खुट्याले पालवी फुटली! बकरी मान वर करून आपलाच खुटा खाऊन राह्यली.

शेजारचे आबा पाहाले आले. म्हने, "काहून बे, खुट्याले कोनतं खत देल्लं?"

म्या ऐटीत सांगतलं, "लेंड्यायची कमाल हाये, आबा. आता बांधावर बी बारा बकऱ्या बांधाव्या लागतीन."

आबाले पटलं बी होतं, पन तेवढ्यात बायको चहा घेऊन आली.

"आबा, ह्यायचं नोका ऐकू. मुळ्या फुटल्या का नाही, हे पाहाले हे रोज सकाळी साऱ्या काड्या उपटत अन् परत खुपसत."

म्या म्हनलं, "मंग हा खुटा कसा जगला?"

"हा बी उपटाले गेल्ते तुमी. बकरीनं टक्कर मारली, म्हनून वाचला तो."