उरलेले पऱ्हे

या मायबापहो, जवळ सरका, एक गोष्ट सांगतो. देवरी स्टँडवर नागपूरची बस सुटायची होती. देवळात रोज आरती करणाऱ्या सुशिलाबाईच्या मागच्या बाकावर सेवकराम आणि त्याची लेक दुर्गेश्वरी बसले होते. सेवकरामची नजर विझत चालली होती.

“नागपूरच्या दवाखान्यात हाताची मुगाएवढी कातडी काढतील, बाबा. तिच्या पेशी पुन्हा कोवळ्या करतील, त्यातून डोयाचा पडदा वाढवतील अन् त्यावर औषधं तपासतील.”

“मंग तो पडदा मले लावतील?”

“नाई. अजून अभ्यासच चालू हाय. तुमाले फायदा नाई, डॉक्टरीणबाईनं साफ सांगतलं. मले वाटलं, तुमाले समजलं असंल. चला, उतरू.”

दुर्गेश्वरी उठली, पण सेवकराम जागचा हलला नाही.

“काऊन उतरू? आपलं धानाचं रोवणं झाल्यावर रोपाचे पऱ्हे उरले, तर काय करतो आपण?”

“ज्याचे सडले, त्याले देतो.”

“त्याच्या घरी भात मागाले जातो का?”

“नाई. पण दुखंल, बाबा.”

“तुया मायचं बोलणं सोसलं, सुई काय करते मले? बस.”

सुशिलाबाई मागे वळली.

“भाऊ, नाव काय तुमचं?”

“सेवकराम. कायले?”

“आरतीत देवापुढं तुमचं नाव घेईन.”

बस सुटली. मायबापहो, आज देवापुढे हात जोडाल, तेव्हा सेवकरामलाही आठवा.