मोजू नका

— हळू, हळू बोला. या गॅलरीत नागरिकांनी तोंड उघडायचं नसतं. बोलण्यासाठी खाली माणसं निवडून पाठवलीत ना आपण — आता ती दिसत नाहीत ही गोष्ट वेगळी. असतील हो. कॅन्टीनमध्ये असतील, कॅमेऱ्यापुढे असतील, दारात उभं राहून सभागृहाची प्रतिष्ठा राखत असतील. आत किती आहेत? मोजू नका. खरंच सांगतो, मोजू नका. नियमच तसा आहे — काम चालायला दहातला एक सदस्य तरी आत लागतो, त्याला कोरम म्हणतात. पण कोणी उभं राहून ‘कोरम नाही’ असं म्हणेपर्यंत तो असतोच. अध्यक्षांना दिसत नाही का? दिसतं की. पण दिसणं कामकाजात धरत नाहीत. मी जन्मभर कॉलेजात हाच विषय शिकवला, पुस्तकही लिहिलं त्यावर — चांगलं जाड झालंय, आमच्याकडे वाऱ्याने दार आपटू नये म्हणून लावतात. वाचलंय कोणी? मला शंका आहे. मी लिहिलंय ते बरोबर आहे का, याचीही हल्ली शंका येते.

बघा ना दुपारपासून. मंत्री उठतात, विधेयकाचं नाव वाचतात, अध्यक्ष विचारतात, अनुकूल असतील त्यांनी होय म्हणावं — कोणीतरी होय म्हणतं, झाला कायदा. बंदरांचा झाला, दंतवैद्यांचा झाला. दंतवैद्यांच्या वेळी होय म्हणणाऱ्याच्या तोंडात बिस्किट होतं. आमच्या घरी पडद्याचा रंग ठरवायला याहून जास्त चर्चा होते.

मी कशाला आलोय? लिफ्टसाठी. हसा, हरकत नाही. जुन्या इमारतींत मालकाने लिफ्ट बसवलीच पाहिजे, असं विधेयक आहे — आजच्या कामात अगदी शेवटचं. आम्ही चौथ्या मजल्यावर राहतो. बायकोचं खुब्याचं हाड मोडलं, तेव्हापासून ती खाली उतरलेली नाही. रस्ता खिडकीतून बघते, भाजीवाल्याशी वरूनच भांडते — आणि जिंकते. मालक म्हणतो, कायदा दाखवा. म्हणून आलोय, तयार होताना बघायला. आज नाही झाला तर संपलं. आजचा शेवटचा दिवस, मग निवडणुका, आणि सभागृह विसर्जित झालं की अर्धवट विधेयकं मरतात. नव्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची. नव्यांना वेळ असतो हो. आम्हाला कुठे आहे?

आलं — हेच ते. आणि तो बघा, निळ्या कोटातला, बोलायला उठतोय — माझा भाचा. हो, खासदार आहे. मामीसाठी त्यानेच हे विधेयक रेटत इथवर आणलं. काल जेवायला आला होता. मामी त्याला म्हणाली, “कसंही होऊ दे रे. झोपेत होय म्हणाले तरी मला चालेल.” तिला प्रक्रियेची काही पडलेली नाही. मी मात्र — म्हणजे मला राहवत नाही, खोडच आहे ती — मी म्हटलं, रिकाम्या बाकांसमोर झालेला कायदा हा कायदाच नव्हे, तुझ्यासारख्याने तरी हे चालवून घेऊ नये... बरंच बोललो. ताटातलं गार झालं सगळ्यांच्या. तो मान डोलवत होता. लहानपणापासून माझं ऐकतो; खरं तर तो एकटाच ऐकतो. बायकोने उठून पाण्याचा तांब्या जरा जोरातच ठेवला, तेव्हा मी थांबलो.

ऐका, ऐका. ‘माझ्या मामांनी मला शिकवलं’ — मामा म्हणजे मी बरं का. बरा बोलतो, नाही? थोडा वाहवत जातो, पण... ‘इतका महत्त्वाचा कायदा रिकाम्या बाकांसमोर होऊ नये’ — नाही. नाही, नाही. बस खाली. अरे, बस ना खाली, गाढवा — माफ करा, मोठ्याने बोललो का मी?

“अध्यक्ष महोदय, कोरम नाही.”

ही घंटा. सगळीकडे वाजते ती — कॅन्टीनमध्ये, व्हरांड्यात, स्वच्छतागृहातसुद्धा. येतील. घंटा वाजली की यावंच लागतं, तसं आहे माझ्या पुस्तकात. ते दार उघडलं, बघा, कोण आलं — पाणी घेऊन आलेला शिपाई. त्याला धरत नाहीत. तुम्हाला मोजायचे होते ना मघाशी? आता मोजा. आता नियमात बसतं.

वर बघतोय माझ्याकडे. हसतोय. शाबासकी हवी आहे त्याला. काय करू — हात हलवू? हलवला. नियमाने बघाल तर आज दिवसभरात या सभागृहात एवढी एकच गोष्ट बरोबर झाली.

थांबली घंटा. अध्यक्ष उठले. बेमुदत तहकूब — म्हणजे गेलं.

हो, हो, तो पहारेकरी आपल्यालाच खुणावतोय, गॅलरी रिकामी करा म्हणून. तुम्ही व्हा पुढे. नको, हात नको, जिने उतरता येतात मला. ती खिडकीतच बसली असेल. मी कोपऱ्यावर वळलो की वरूनच विचारेल, झालं का हो — सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं.

जा तुम्ही. मी बसतो जरा.