फुलचोरांचं गाऱ्हाणं

आमच्या आळीतली बाग आम्हीच सांभाळतो हो, पण जास्वंदीची फुलं उजाडायच्या आत गायब! मी समितीची सेक्रेटरी, पार वैतागले. बागेत आळीकरांचा योगवर्ग सुरू करताना अध्यक्ष तात्या नारळ ठेवून गाऱ्हाणं घालणार होते. म्हटलं, "तात्या, फुलचोराचंही देवाच्या कानावर घाला."

तात्यांनी हात जोडले. "बाग हिरवी ठेव रे म्हाराजा!"

सगळे ओरडले, "व्हय म्हाराजा!"

"फुलं चोरणाऱ्याचं वाटोळं कर रे म्हाराजा!"

मी एकटीच "व्हय म्हाराजा" म्हणाले. बाकी सगळे चिडीचूप.

तात्यांनी एक डोळा उघडून सगळ्यांकडे पाहिलं. मग हळूच म्हणाले, "आम्हा लेकरांची चूक पोटात घाल रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" असा गजर झाला, की रस्त्यावरचा रिक्षावाला पालखी आली समजून चपला काढून उभा राहिला.