चेअरमनबाईंच्या वतीनं

समारंभाचे अध्यक्ष रुद्राप्पा अण्णा, व्यासपीठावरची दूध संघाची पावणं मंडळी, आज निवृत्त होणारे आपल्या महिला दूध संस्थेचे मॅनेजर हंबीरराव, त्यांच्या सौभाग्यवती, आणि म्हशींच्या धारा उरकून धावतपळत आलेल्या माझ्या बायांनो, तुम्हा सर्वांना या धोंडुबाईचा नमस्कार.

चेअरमन म्हणून हंबीररावांविषयी चार चांगले शब्द बोलायला मला उभं केलंय. मला अक्षरओळख न्हाय, त्यामुळं हातात कागदही न्हाय. कागद असता तर पुढचं कुणीतरी आधीच खोडलं असतं.

हंबीरराव वेळेचे पक्के आणि मान देणारे. दिवाळीला घरी आले की आधी माझ्या पाया पडणार, मगच खुर्ची घेणार. याच मानानं आमचा घात केला. कसा, ते ऐका.

संस्थेची पत्रं माझ्या नावाच्या ई-मेलवरून जातात. मी सांगते, आमची क्लार्क स्वप्नाली लिहिते, मला वाचून दाखवते आणि माझ्या वतीनं पाठवते. तशी मुभा संगणकात द्यावी लागते. उन्हाळ्यात नवा संगणक आला, तेव्हा हंबीररावांनी ती स्वतः बसून नव्यानं दिली. त्याच आठवड्यात दूध थंड करायची टाकी बिघडली. फोनवरची तोंडी तक्रार संघ घेत न्हाय, म्हणून मी पत्र सांगितलं. स्वप्नालीनं पाठवलं, तर संगणक म्हणतोय, यांच्या वतीनं पाठवायची तुम्हाला परवानगी न्हाय.

पोरीनं स्वतःच्या नावानं पाठवून बघितलं. संघानं कळवलं, चेअरमनच्या पत्त्यावरून येऊ द्या. ती हंबीररावांकडं गेली, तर म्हणाले, आक्कांचा पासवर्ड घेऊन टाक की. मी म्हटलं, साहेब, माझी सही म्हणजे अंगठा. उद्या तोही कापून टेबलावर ठेवू का?

या घोळात टाकीतलं दूध नासलं. तुमचंच दूध, बायांनो. आणि संचालक मंडळाच्या सभेत ठपका कुणावर आला? स्वप्नालीवर. हलगर्जीपणाचा शेरा लागला, आणि त्या शेऱ्यापायी तिला कायम करायचं अडलंय.

शेवटी संघातून संगणकवाला संगमेश आला. त्यानं बघितलं आणि हसू दाबलं.

"आक्का, हे उलटं झालंय. तुमच्या ई-मेलच्या पेटीत स्वप्नालीचं नाव पाहिजे. हितं तिच्या पेटीत तुमचं घातलंय."

म्हणजे तिची पत्रं पाठवायची मुभा मला. मला, जिला अ कुठला आन् ढ कुठला कळत न्हाय. हंबीररावांना विचारलं, तर काय म्हणाले?

"आक्का, चेअरमनच्या पेटीत क्लार्कचं नाव बरं दिसतं का? म्हणून तुम्हाला वर ठेवलं."

अहो, सुनेच्या हाती दुधाची किटली दिली म्हणून सासूचं सासूपण जातं व्हय? संगमेशनं ते उलटं नाव काढलं, माझ्या पेटीत पोरीचं घातलं, माझ्या वतीनं पाठवायची मुभा दिली आणि प्रोग्राम बंद करून पुन्हा उघडला. चहा निवायच्या आत पत्र गेलं. टाकी दुरुस्त झाली. शेरा मात्र तसाच.

चूक कबूल करून तो काढायला लावा, म्हणून मी साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, जाता जाता माझ्या नोकरीला डाग कशाला, आक्का? आणि पोरीचा डाग? तो काय तिला टिकलीसारखा शोभतोय?

असो. आता सत्कार. शाल-श्रीफळ माझ्या हातून द्यायचं ठरलंय. शाल चांगली हाय, मीच निवडलीय. हंबीरराव, माईक इथं हाय. चूक माझी होती, शेरा चुकीचा हाय, एवढं बोला. मंडळ समोरच बसलंय. मग मी शाल मनापासून पांघरते. तुमच्या वतीनं मी बोलणार न्हाय, तशी मुभा मला कुणी दिलेली न्हाय.

एवढा वेळ ऐकून घेतलंत, सगळ्यांचे आभार. बोलण्यात कमीजास्त झालं असंल तर म्हातारीला पदरात घ्या.

उठा साहेब. नारळ धरून हात अवघडलाय.