देवाला सांगून काढलेला विमा

मी मूळची रत्नागिरीकडची, संगमेश्वराच्या वरच्या अंगाची. लग्न करून आले ती थेट भाईंदरच्या खारीत. आमचे हे स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात पॉलिशला, आणि पोरगी शाळेत जायला लागली तशी मी बेव्हर्ली पार्कच्या एका हॉस्पिटलात मावशी म्हणून लागले, लादी पुसायची, चादरी बदलायच्या, पेशंटला पॉट द्यायचा. काय सांगू तुम्हाला, आजारी पडतो एक आणि काउंटरसमोर उभे राहतात पाच, सगळे फोन लावतायत, ह्याला लाव, त्याला लाव, आधी डिपॉझिट मग बेड. मी रोज बघतेय ना. ज्याच्याकडं विम्याचं कार्ड असायचं तो निदान पेशंटजवळ बसायचा.

ह्यांना शुगर निघाली आणि मी ठरवलं, आपण पण विमा काढायचा. हे बोलले येडी झालीस काय, दुखण्याची आधीच तयारी करायची म्हणजे दुखण्याला आवतण द्यायचं, आणि देवाला विचारल्याशिवाय आपल्यात काय करतात का, कौल लावूया. आमच्याकडं तसंच हाय, जागा घ्यायची, पोरीचं जमवायचं, गुरव देवाच्या अंगावर फुलं लावतो, उजवं पडलं की देव हो बोलला. मी बोलले लावा. ह्यांनी गावी फोन केला, माझ्या दिराला, आणि दिरानं जाऊन विचारलं काय, तर दादाच्या घरात मोठं दुखणं येणार नाय ना? फूल पडलं उजवं. झालं! देवच बोललाय दुखणं नाय, मग विमा कशाला, मी आणलेला फॉर्म गेला कपाटावर. अहो, मी विमा काढू का ते विचारा बोलले होते, ह्या शहाण्यानं भलतंच विचारलं, देव बिचारा विचारलं त्याचंच उत्तर देणार ना? माझं टाळकंच फिरलं.

शिमग्याला गावी गेलो. पालखी अंगणात आली तशी मी नारळ घेऊन बायकांतनं पुढं झाले, गुरवदादाला बोलले माझ्या नावानं गाऱ्हाणं घाला, कौल नको, मी विचारायला नाय आलेय, सांगायला आलेय. म्हातारा बघतच राहिला, मग हसला आणि सुरू झाला, बा देवा म्हाराजा, ही तुझी लेकरं पोटासाठी मुंबईकडं गेलीत, ही सून आज तुला सांगून आजारपणाचा विमा काढतेय, तिच्या घरधन्याला सांभाळ, हाती घेतलंय ते तडीस ने. अख्खा गाव बोलला व्हय म्हाराजा. आता गाऱ्हाण्याला व्हय म्हणायची सवय लहानपणापासनंची, आमचे हे सगळ्यात मोठ्यानं बोलले, डोळे मिटून, हात जोडून. मग डोळे उघडले. मी फोडलेल्या नारळाचं खोबरं त्यांच्या हातावर ठेवलं.

भाईंदरला आल्यावर एजंट बाईला बोलावलं, नया नगरची, ती बोलली आंटी, शुगर के आगे नो लिख दो, नहीं तो कंपनी झंझट करेगी. मी बोलले नाय, देवासमोर व्हय बोलून आलोय, आता कागदावर खोटं नाय लिहायचं, आणि उद्या ते खोटं निघालं आणि कार्ड चाललंच नाय तर? तसे पण बघितलेत मी हॉस्पिटलात, हमसून रडणारे. खरं तेच लिहिलं. हप्ता वाढला, वर शुगरपायी काय झालं तर पहिली काही वर्षं पैसे मिळणार नाय असं कंपनीवाले बोलले. मी बोलले चालेल, आणि सही ह्यांच्याकडनंच घेतली.

त्याला आता चार वर्षं झाली. हप्ता आला की हे कुरकुरतात, एकदा तरी उपयोग झाला का, गेले ना फुकट. मी बोलते जाऊ देत. गोळी घेऊन, डबा घेऊन माणूस रोज कामाला जातोय, संध्याकाळी माझ्याशी भांडायला घरी येतोय, मला अजून काय पाहिजे? माझ्या मरणापर्यंत हे पैसे दर वर्षी असेच फुकट जाऊ देत, आणि तुम्ही काढलात तर तुमचे पण.